बॉयलरची अमावास्या

मामांना कारखान्यातून काढलं, एवढंच मी बरीच वर्षं सांगत आलो. कोणी काढलं ते मी सांगत नाही आणि ऐकणाराही विचारत नाही. मामांना मी काढलं. शेठजींनी नुसती मान हलवली. हे आधीच सरळ लिहून टाकतो, नाहीतर त्यांच्या गमती सांगता सांगता मी ते पुन्हा कुठेतरी दडवीन. माझा तो स्वभाव आहे.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. सोलापुरात भवानी पेठेतल्या एका चादरींच्या कारखान्यात ते बॉयलर सांभाळत. शेठजींपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. रंगवलेलं सूत धुवायला कढत पाणी लागतं, ते देणारा हा बॉयलर. दीड माणूस उंच, खाली कोळशाची भट्टी, आणि वर छताजवळ लोखंडी पट्ट्यांवर आडवी ठेवलेली हवेची टाकी. त्या खोलीत खाकी अर्धी चड्डी आणि कोपरी घातलेला एक काटकुळा माणूस पंचवीस वर्षं उभा होता. आधीची दहा वर्षं त्यानं एका मोठ्या गिरणीच्या बॉयलरवर काढली होती. राहायला कुंभारीला, येणं-जाणं सायकलवर.

मामांना ठोकून बघायची खोड होती. मधलं बोट मुडपून ते कशावरही टकटक करत आणि मान तिरकी करून ऐकत. माठ घेताना आपण सगळेच टिचकी मारून बघतो, पण मामांचं माठावर भागत नसे. भिंती, दारं, पिंपं, कलिंगडं, कशाचीही सुटका नव्हती. शेठजींनी मोटार आणली, पेढे वाटले, तेव्हा मामा तिच्याभोवती टकटक करत एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "म्होरचं सगळं ब्येस हाय. मागचं दार एकदा ठोकून सरळ केलंया." शेठजींचा चेहरा उतरला. मोटार कोरी म्हणून घेतली होती.

धाकट्या लेकीच्या सोयरिकीला मामा एका गावाला गेले होते. पाहुण्यांनी ओसरीवर पत्र्याच्या तीन कोठ्या मांडल्या होत्या, झाकणं उघडी, काठोकाठ ज्वारी. बोलणी चालू असताना मामा पाणी प्यायला म्हणून उठले आणि जाता जाता तिन्ही कोठ्या वरपासून खालपर्यंत ठोकत गेले. परत येऊन बसले आणि हात जोडून म्हणाले, "वर टीचभर ज्वारी हाय, खाली समदा भुसा हाय. पोरगी भुसा खात न्हाय आमची." सोयरीक तिथेच मोडली. हा किस्सा मामा स्वतः कधी सांगत नसत. त्यांची थोरली लेक सांगायची. नवरा वारल्यावर ती बापाकडे परत आली होती आणि आमच्याच कारखान्यात चादरींच्या घड्या घालायला बसायची. घडीखातं आणि बॉयलरची खोली यांच्यात एकच भिंत होती.

मी तिथे लागलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. तंत्रनिकेतनातला डिप्लोमा, टेरिलीनचा शर्ट, खिशाला दोन पेनं. देखभालीचा सगळा भार माझ्याकडे. पहिल्या दिवशी शेठजींनी मला खात्याखात्यांतून फिरवलं. बॉयलरच्या खोलीत मामांनी मला नमस्कार केला आणि मी वळल्यावर मागून माझ्या पाठीवर टकटक केली. कान लावून म्हणाले, "अजून लई जागा हाय."

रंगखातं हसलं, शेठजीही हसले. आठ दिवस मी दिसलो की कोणीतरी कशावर तरी टकटक करायचं. आज मलाही हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं. मामांचा माझ्यावर राग नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. माझा मात्र त्यांच्यावर राग बसला आणि मी तो कामाच्या नावाखाली पोसला.

बॉयलरला मामा 'ही' म्हणत. हात धुतल्याशिवाय हिला शिवायचं नाही, हिच्याकडे पाठ करून बसायचं नाही. शिव्या द्यायची वेळ आली तर त्या कानडीत देत, कारण त्यांची आई अक्कलकोटकडची. "मराठीत दिल्या तर हिला कळत्यात की," असं म्हणत. बॉयलरच्या अंगावर दाबाचा काटा होता. त्याला मामा घड्याळ म्हणत आणि त्याच्याकडे फारसं बघत नसत. त्यांचा सगळा जीव सेफ्टी व्हॉल्व्हवर. कुकरच्या शिट्टीचं जे काम, तेच ह्या व्हॉल्व्हचं. आतला दाब वाढला की स्प्रिंग उचलली जाते आणि पाणी बाहेर पडतं. ते कोणाच्या अंगावर उडू नये म्हणून व्हॉल्व्हला नळी जोडून ती जमिनीपर्यंत आणली होती. नळीच्या तोंडाखाली मामांनी एक पितळी वाटी ठेवली होती. रोज सकाळी ते वाटीत बोट फिरवत. बोट कोरडं निघालं की भट्टीला नमस्कार.

आणि अमावास्येला बॉयलर बंद.

ही मामांची खास पद्धत. महिन्यातून एकदा, अमावास्येला, भट्टी पेटायची नाही. "अवशीला बैलाला बी जू लावत न्हाईत, साहेब," असं ते मला पहिल्याच महिन्यात म्हणाले. आमच्याकडे आठवड्याची सुट्टी मागांना होती, रंगखात्याला नव्हती, कारण पुढच्या आठवड्याचं सूत तयार ठेवायला लागे. म्हणजे अख्ख्या महिन्यात बॉयलर गार होई तो त्या एकाच दिवशी. त्या दिवशी मामा एकटे येत, दार आतून लावून घेत आणि दुपारपर्यंत आत काहीतरी खुडबुड करत. निघताना नारळ फोडत. आत काय करता म्हणून मी एकदा विचारलं. "इसावा देतो हिला," म्हणाले. मी पुढे विचारलं नाही. मला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं, अंधश्रद्धा.

मी शेठजींकडे गेलो. वर्षाचे बारा-तेरा दिवस एका खुळापायी रंगखातं बंद ठेवायचं, एकोणीसशे सत्तर उलटून गेल्यावर, हे बरं दिसत नाही, असं मी त्यांना समजावलं. शेठजी देवभोळे होते, पण मोठी मागणी आली होती आणि दिवस हवे होते. त्यांनी हो म्हटलं. मामांना सांगायला मीच गेलो. त्या कामाची मला घाईच झाली होती.

"मामा, बॉयलर म्हणजे बैल नव्हे," मी म्हणालो.

मामा म्हणाले, "न्हाय, बैल न्हाय. बैल दमला तर बसतो तरी. ही बसत न्हाय."

वाक्य छान आहे, म्हणून मी ते मित्रांना चहावर सांगितलं आणि हशा मिळवला.

चार अमावास्या गेल्या. पाचवीच्या आधी, एका सकाळी अकराच्या सुमारास वाटीत पाणी दिसलं. थेंब थेंब. दुपारपर्यंत धार लागली. मामा खाली बसून वाटीकडे बघत राहिले. मी गेलो तर म्हणाले, "साहेब, शेप्टी गळाय लागली." सेफ्टी व्हॉल्व्हला ते शेप्टी म्हणत.

"तोंडात कचरा बसला असेल."

"म्या बी आदी तेच धरलं. पण खडा आसंल तर गार असताना बी गळंल का न्हाय? सकाळी वाटी कोरडी हुती. भट्टी तापली की गळती, इजली की थांबती. हिच्या अंगात ताप हाय."

काटा मी बघितला. लाल रेषेच्या बराच खाली होता. महिन्यापूर्वीच मी त्याची काच पुसून घेतली होती, लख्ख दिसत होता. "दाब ठीक आहे, मामा. स्प्रिंग ढिली पडली आहे."

"घड्याळ खोटं सांगत आसंल तर?"

"घड्याळ खोटं आणि तुमची वाटी खरी?"

मामा उठले, शिडी लावून वर चढले आणि हवेच्या टाकीवर ठोकू लागले. ह्या टाकीचं काम साधं असतं. पाणी तापलं की फुगतं, त्या फुगलेल्या पाण्याला जागा मिळावी म्हणून टाकीत अर्धी हवा ठेवतात. मामांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टकटक केली आणि वरूनच मला हाक मारली. "साहेब, वर या. कान लावा. टाकी समदी पाण्यानं भरलीया. पाण्याला पाय पसराय जागा न्हाय. चार अवशी झाल्या, हिला इसावा न्हाय."

तोपर्यंत दारात रंगखात्यातली दहा-बारा माणसं गोळा झाली होती. मला आजही ती शिडी दिसते. सहा पायऱ्या. चढून कान लावला असता तर मला कळलं असतं की नाही, कोण जाणे. मी चढलो नाही. दहा-बारा माणसांसमोर टाकीला कान लावून उभं राहायचं, तेही ज्यानं माझी पाठ ठोकली त्याच्या शेजारी, हे मला जमण्यासारखं नव्हतं. मामांच्या बोलण्यातली 'टाकी भरलीया' ही तीन पावलांवरून आलेली गोष्ट मला ऐकूच आली नाही. 'अवस' तेवढी ऐकू आली. मी हसलो. मी हसलो म्हणून दोघं-तिघं हसले.

"भट्टी इजवा," मामा खाली येऊन म्हणाले. "अर्धा दिस द्या मला. टाकी रिकामी करतो, हवा घेतो, घड्याळाची नळी साफ करतो."

अर्धा दिवस म्हणजे तीन हौद सूत. मी पाना घेतला, शिडीवर चढलो (तेव्हा चढलो) आणि व्हॉल्व्हचा वरचा स्क्रू दोन आटे आवळला. स्प्रिंग दबली. धार तुटली, थेंब झाले, थेंबही थांबले. मी खाली उतरून वाटी उपडी केली आणि मामांच्या हातात दिली.

मामांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही. म्हणाले, "साहेब, ती वरडत हुती. तुमी तिच्या तोंडात बोळा घातला. मागं घ्या ते दोन आटे."

"नाही घेत."

"मग मी हिला जाळ घालनार न्हाय."

ते भट्टीच्या दारासमोर मांडी घालून बसले. कोणाला शिव्या नाहीत, घोषणा नाहीत. अर्ध्या तासानं हौदातलं पाणी निवायला लागलं आणि शेठजी स्वतः आले. त्यांनी मला विचारलं, काय झालं. सगळ्यांसमोर विचारलं. मला दोन वाक्यं बोलता आली असती: मामांचं म्हणणं असं आहे, माझं असं आहे. मी म्हणालो, "यांच्यानं आता होत नाही, शेठजी. अमावास्या बंद केली तेव्हापासून डूख धरून बसलेत. काम अडवतात."

मामांनी माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना नवल वाटलेलं दिसत होतं. शेठजींनी मान हलवली. मामा उठले, खुंटीवरचा टॉवेल घेतला, हात धुतले, बॉयलरला एकदा हात लावला आणि गेले. रजिस्टरमध्ये त्या तारखेला माझ्या अक्षरात 'अटेंडंटने काम करण्यास नकार दिला' असं लिहिलेलं आहे. वाक्य खरं आहे, पण खोट्यासारखं.

भट्टी मी स्वतः पेटवली, कोळसेवाल्याच्या मदतीनं. दुसऱ्या दिवशीही पेटवली. मामा आले नाहीत. वाटी कोरडी होती. तिसऱ्या दिवशी दुपारी बॉयलरच्या पत्र्यातून एकदा 'टण्' असा आवाज आला आणि पाठोपाठ पाइपाचा एक जोड घाम आल्यासारखा ओला झाला. काटा होता तिथेच होता. सकाळी गार बॉयलरवर जिथे होता, अगदी तिथेच. ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. भांडारात एक नवा काटा पडून होता. कोळसेवाल्याला मी चहाला पाठवलं, काट्याखालचा कॉक बंद करून जुना काटा काढला, नवा बसवला आणि कॉक उघडला. सुई लाल रेषा ओलांडून पुढे गेली आणि तिथे थरथरत उभी राहिली.

भट्टीतला जाळ मी फावड्यानं ओढून बाहेर काढला. हाताला फोड आले. बॉयलर निवेपर्यंत मी त्या खोलीत दार लावून उभा होतो, आणि भिंतीपलीकडे बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. तीस-बत्तीस बायका असतील. मग टाकीचा खालचा कॉक उघडला. अर्धी हवा असायला हवी होती. पाणीच येत राहिलं, पाणी, पाणी. जुन्या काट्याची बारीक नळी फुंकून बघितली, तर चुन्यानं गच्च. आपल्याकडचं बोअरचं पाणी काय असतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. दर अमावास्येला दार लावून मामा हेच करत होते. टाकी रिकामी करायची, हवा घ्यायची, नळ्या साफ करायच्या. त्याला ते विसावा म्हणत, कारण त्यांच्या लेखी तो विसावाच होता.

मी दोन आटे मागे घेतले. दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली, काटा शहाण्यासारखा वर आला आणि रेषेच्या खाली थांबला, वाटी कोरडी. शेठजींनी पाठ थोपटली. "शिकलेला माणूस तो शिकलेला माणूस," असं म्हणाले. तेव्हा बोलायला हवं होतं. मी मनाशी म्हटलं, उद्या सांगू. मग म्हटलं, नवा माणूस मिळेपर्यंत थांबू. नवा माणूस मिळाल्यावर म्हटलं, आता त्या बिचाऱ्याच्या पोटावर कशाला पाय द्या. मला नेहमीच एखादं सभ्य कारण सापडायचं. पुढच्या महिन्यापासून मी बॉयलर दर एक तारखेला बंद ठेवायला लावला आणि त्याला 'मंथली मेंटेनन्स' असं नाव दिलं. शेठजींना ते फार आवडलं. अमावास्या मी परत आणली, फक्त माझ्या नावानं.

अडीच वर्षांनी, नोकरी सोडायच्या थोडं आधी, रंगखात्यातल्या एकाच्या मुलाच्या लग्नाला कुंभारीला गेलो. जेवणं झाली होती. मांडवाच्या कडेला बाजेवर बसलो होतो, तर मामा समोर येऊन उभे राहिले. थकले होते. एकाच्या मळ्यातलं इंजिन चालवतात असं कळलं होतं. मी उठलो. पाया पडायला वाकलो तर त्यांनी धरलं आणि शेजारी बसवलं. माझ्या आईवडलांची चौकशी केली. मग आवाज खाली आणून, कोणी ऐकत नाही ना ते बघून, म्हणाले,

"साहेब, एक इचारायचं हुतं. ते दोन आटे तसंच हायत का?"

मला वाटलं होतं ते शिव्या देतील, किंवा काहीच बोलणार नाहीत. ह्या प्रश्नाची तयारी नव्हती. "नाही मामा," मी म्हणालो. "मागे घेतले. टाकी भरली होती. काटा चोंदला होता. तुमचंच खरं होतं."

"कवा घेतलं?"

"तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी."

मामांनी डोळे मिटले. त्यांच्या छातीतून एवढा मोठा श्वास बाहेर पडला की मी घाबरलो. मग ते म्हणाले, "पोरगी तितंच हाय अजून कामाला, भिंतीपल्याड. सोड म्हटलं तर सोडंना, दोन पोरं हायत तिला. मी सांगितलं, दाराजवळ बस, आवाज झाला की पळ. तर तुमी तिला दोनदा उठीवली, जाग्यावर बस म्हनून भिंतीकडं बसीवली. सांजला ती घरला यीस्तवर मी रोज येशीवर हुबा राहायचो."

मला ते आठवलं. दारात पसारा नको म्हणून मी तिला खरंच उठवली होती, दोनदा. का बसलीस इथे, असं विचारलंसुद्धा नव्हतं. मी काहीतरी बोलायला गेलो. कामाचं बोललो, शेठजींशी बोलतो म्हणालो, तुम्ही परत या म्हणालो. मामांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"तिसऱ्याच दिशी," ते म्हणाले. "अन् आडीच वरीस झालं. आज लग्नाचं जेवाय आला की हितवर. तवा एवढा सांगावा द्यायला कुंभारी लांब पडली व्हय, साहेब?"

कुंभारी लांब नाही. सायकलनं पाऊण तास लागतो, आणि माझ्याकडे सायकल होती.